फुकट आणि उघडी, तरी भरवशाची? ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, लॅपटॉप विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, पण मशीन ठणठणीत आहे. मग लिनक्स टाकावं का, कुठलं टाकावं, ते फुकट देणं कोणाला परवडतं, आणि कोड सगळ्या जगाला दिसत असताना ते सुरक्षित कसं?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे बहुतेक जण "हजारो डोळे लक्ष ठेवून असतात" एवढं सांगून मोकळे होतात. हे अर्धंच खरं आहे. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद पाठवणाऱ्या ओपन सोर्स साधनातली हार्टब्लीड ही गंभीर चूक एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली, तोवर ती दोन वर्षं सगळ्यांसमोर पडून होती. कोड उघडा असला म्हणजे तो कोणीतरी वाचतंच असं नाही.

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण याहून बोलकं आहे. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं एक छोटं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा. कोणा टोपणनावाच्या इसमाने दोनेक वर्षं नेमाने मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवून टाकला. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर तेव्हा आपल्या मशीनवर वेगाची मोजमापं घेत होता. एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायची सुरक्षित सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्याला खटकलं. माग काढत तो थेट एक्सझेडपर्यंत पोचला. त्याचं स्वतःचं काम डेटाबेसचं, तरी दुसऱ्याच्या प्रकल्पात खोदकाम करायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही. २९ मार्चला त्याने सगळं जाहीर केलं आणि डिस्ट्रोवाल्यांनी (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच; डेबियन, उबुंटू, मिंट ही त्यांचीच नावं) लगोलग जुनी आवृत्ती परत आणली.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो कोड पोचलाच नव्हता, तो चाचणीच्या शाखांमध्येच पकडला गेला. म्हणून नवख्या माणसाने डिस्ट्रोचं नाव आणि दिसणं नंतर बघावं. आधी बघायचं ते हे, की त्याचा गट मोठा आहे का आणि तो नवं सॉफ्टवेअर आपल्या हातात देण्याआधी थांबतो का. डेबियन स्टेबल, उबुंटूची एलटीएस (म्हणजे दीर्घकाळ आधाराची आवृत्ती, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पाच वर्षं अपडेट मिळतात) आणि तिच्यावर उभं असलेलं लिनक्स मिंट या कसोटीला उतरतात. रोज नवं देणारे डिस्ट्रो वाईट नसतात, पण पहिल्याच दिवशी ते अंगावर घेऊ नका.

आता फुकटचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी आणि वाटावी अशी पूर्ण सिस्टिम त्यांना उभी करायची होती. साधनं तयार होत गेली, कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला सिस्टिमचा गाभा) रखडला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपला कर्नल, म्हणजेच लिनक्स, लोकांपुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल परवान्याखाली आणला. परवान्याचा गाभा असा, की बदल करून वाटायचं असेल तर बदललेला कोडही द्यावा लागतो. त्यामुळे एकमेकांच्या उरावर बसलेल्या कंपन्याही याच एका कर्नलवर काम करतात. त्यातला बराचसा कोड इंटेल, गूगल, रेड हॅट यांचे पगारी इंजिनिअर लिहितात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. कमाई परवान्याच्या विक्रीतून होत नाही, सेवा आणि आधार विकून होते. त्या धंद्यासाठी आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ३,४०० कोटी डॉलरना घेतली. अँड्रॉइडच्या पोटात हाच कर्नल आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. (फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी हे वेगळं घराणं. उत्तम आहे, पण लॅपटॉपवर सुरुवात तिथून नको.)

तुमच्यासाठी माझं मत: मिंट. त्याचे वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात: आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, चार असेल तर हलकं एक्सएफसीई.

आयएसओ (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) अधिकृत साइटवरूनच घ्या आणि चेकसम (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा) जुळवून बघा. ही नुसती औपचारिकता नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साइट फोडून डाउनलोडची लिंक भेसळ केलेल्या आयएसओकडे वळवली होती.

मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. यात डिस्कला हात लागत नाही. नुसता डेस्कटॉप बघून खूश होऊ नका. वाय-फाय लागतंय का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का हे तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडा. जुन्या लॅपटॉपची गाडी नेमकी इथेच अडते. वाय-फायची यादी रिकामी आली तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची निघते. तेव्हा फोन यूएसबीने जोडून इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून तिचा ड्रायव्हर घ्या.

फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसच हवं असेल तर ते इथे सरळ चालत नाही. लिबरऑफिस हा फुकटचा पर्याय साध्या पत्रांना, हिशेबांना पुरतं. मॅक्रोने (आपोआप काम करणाऱ्या छोट्या सूचनांनी) भरलेल्या एक्सेल फायलींवर मात्र भरवसा ठेवू नका. ज्यांचं पोट अशा फायलींवर आहे त्यांनी विंडोज शेजारी ठेवावं.

शेजारी ठेवणार असाल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्सला ती ड्राइव्ह फक्त वाचता येते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतलेला बॅकअप धरू नका. इन्स्टॉलर "डिस्क पुसून टाका" की "विंडोजशेजारी बसवा" असं विचारतो, त्या एका पडद्यावर घाई करू नका. बाकी पडद्यांवर काही चुकलं तरी नंतर बदलता येतं.

लाइव्हमध्ये चालवून बघा आणि काय अडलं ते प्रोसेसर, रॅम आणि वाय-फाय चिपच्या नावासह कळवा, म्हणजे नेमकं सांगता येईल.