रोज चालतोय तरी पोट कमी होत नाहीये, भात-मासे सोडू की जिम लावू?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत बैठी नोकरी आहे, वय 38, वजन 84, रोज संध्याकाळी मांडवीला अर्धा तास चालता तरी काटा जागचा हलत नाही, आणि आता घरचे म्हणतायत भात सोड, मित्र म्हणतायत जिम लाव. मी पण इथलाच, आणि याच चक्रातून गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. भात सोडू नका, मासे तर अजिबातच नाही. जिम लावलीत तर उत्तम, नाही लावलीत तरी अडत नाही. पण खाणं आणि व्यायाम यातलं एकच धरून भागणार नाही कारण दोघांची कामं वेगळी आहेत: वजन उतरणार की नाही हे मुख्यतः ताटावर ठरतं, आणि जे उतरतं त्यात चरबी किती नि स्नायू किती हे बरंचसं व्यायामावर ठरतं.

आधी हिशोब बघा. तुमच्या वजनाच्या माणसाने सपाट रस्त्यावर अर्धा तास चाललं तर साधारण 150 कॅलरी जळतात आणि एका वडापावात त्याच्या जवळजवळ दुप्पट असतात. चालणं फुकट जात नाही, बीपीला, शुगरला, झोपेला त्याचा फायदा होतोच, ते बंद करू नका. पण एकट्या त्याच्या जिवावर पोट उतरत नाही.

आता भात. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 130 च्या आसपास कॅलरी असतात, जास्त काही नाही, पण आपल्याकडे भात एकदा कुठे वाढतात, आधी वरणाबरोबर, मग सारासोबत, मग सोलकढी उरली म्हणून परत थोडा. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या आणि रोजचा तुमचा भात एकदा वजन करून बघा, माझा एका वेळचा 350 ग्रॅम भरला होता. दोन्ही वेळचा 100-100 ग्रॅमने कमी केला की दिवसाचे 260 गेले. चहा चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर ती बंद करून आणखी 160. झाले 420. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी, तर महिन्याला कागदावर दीड किलो उतरतं, प्रत्यक्षात थोडं कमी धरा आणि तेवढंच बरं, त्यापेक्षा घाई करणारे चार महिन्यांत परत तिथेच आलेले मी पाहिलेत.

कमी केलेल्या भाताची जागा रिकामी ठेवू नका, नाहीतर रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडाल. तिथे मासा वाढवा. 100 ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम प्रोटीन असतं, आयसीएमआरच्या (भारताची वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने तुम्हाला दिवसाला किमान 70 ग्रॅम तरी लागतं. सुरमई-पापलेटच पाहिजे असं काही नाही, तारली, पेडवे स्वस्तात मिळतात आणि ओमेगा 3 मध्ये उलट भारी आहेत. फरक मासा कसा करता यात आहे. रवा लावून तेलात तळलेली तुकडी तेल पिते, एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. त्याऐवजी तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करा, खोबरं जवळजवळ लागत नाही आणि चव काय असते ते तुम्हाला सांगायला नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, मूग आणि कुळथाची पिठी. सुकट-सुके बांगडे चालतील पण मीठ फार असतं, बीपी असेल तर जपून.

व्यायामात मात्र तुमचं नुसतं चालणं पुरत नाहीये. डब्ल्यूएचओ सांगते आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा, आणि हा दुसरा भाग बहुतेक सगळे गाळतात. खाणं कमी करून ताकदीचं काही केलं नाही तर चरबीसोबत स्नायूही झडतात. आपल्याकडे त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, असेल तर ती चढा, चिऱ्याच्या उंच पायऱ्या चार-पाच वेळा वरखाली केल्या की मांड्या दोन दिवस बोलतात. रविवारी भगवतीला किल्ल्यावर पायी जा. भाट्याला सुक्या मऊ वाळूत चाला, डांबरी रस्त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ताकद लागते, फक्त गुडघे किंवा घोटा दुखत असेल तर ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवरच राहा. आणि पावसात सगळं बंद पडतं, खरी गाडी तिथेच रुळावरून उतरते, म्हणून बैठका, जोर आणि सूर्यनमस्कार आत्तापासूनच सुरू करा, ओटीवर दोन हात जागा असली तरी होतात.

सुरू करण्याआधी शुगर-बीपी एकदा तपासून घ्या, औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. वजनासोबत कंबरही मोजा, आपल्या पुरुषांसाठी 90 सेंटीमीटरच्या आत हवी, ताकदीचा व्यायाम सुरू केला की काटा कधीकधी हलत नाही पण टेप हलते. आणि गणपतीत मोदक मोजत बसू नका, खा. फक्त बैठका तेवढ्या दिवसांतही सोडू नका.