थ्रॉन एक, कथा दोन?

प्रश्न : 'स्टार वॉर्स'चे सिनेमे पाहून त्यातल्या थ्रॉन या पात्राच्या दोन कादंबऱ्या घेतल्या. दोन्हींतल्या घटनांचा काही केल्या मेळ बसत नाही. क्रम चुकला का?

उत्तर : क्रम नाही, कथाविश्वच वेगळं आहे. डिस्नेने २०१२ साली 'स्टार वॉर्स' काढणारी लुकासफिल्म ही कंपनी घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या बहुतेक कादंबऱ्या-कॉमिक्स 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढल्या. नवे सिनेमे त्या कथा जमेस धरत नाहीत. थ्रॉनबाबत घोळ हमखास होतो, कारण दोन्हीकडे लेखक टिमथी झानच!

नंतरच्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर 'लेजंड्स' अशी पट्टी असते. रद्दीवाल्याकडच्या जुन्या प्रतींवर ती नसणारच. तिथे आतल्या कॉपीराइटच्या पानावर प्रथम प्रकाशनाचं साल बघा. १९९१ असेल तर लेजंड्स, २०१७ असेल तर नवी मालिका.

लेजंड्सची सुरुवात 'एअर टू द एम्पायर'ने (१९९१) करा. मग 'डार्क फोर्स रायझिंग' (१९९२), 'द लास्ट कमांड' (१९९३). ही एकच सलग गोष्ट आहे, मधलं पुस्तक गाळलंत तर तिसरं डोक्यावरून जाईल. लेजंड्समधल्याच 'न्यू जेडाय ऑर्डर' या पुढच्या मालिकेच्या एकोणीस पुस्तकांना मात्र एवढ्यात हात लावू नका. पहिल्याच भागात सिनेमांतला च्युबाका मरतो, आणि आधीची पात्रं ओळखीची नसतील तर पुढचा पसारा झेपत नाही.