देश नको, आधी गाव शोध

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आजीच्या माहेरच्यांचा शोध घ्यायचाय आणि घरात जो तो एवढंच सांगतो की "ते हंगेरीहून अमेरिकेत आले, पण होते जर्मन", त्यामुळे तू गोंधळलीस. माझ्या सासूबाईंच्या आईबद्दलही आमच्याकडे हेच वाक्य होतं आणि त्यात मी दोन वर्षं अडकले, कारण मी देश शोधत बसले होते. तू ते करू नकोस. गावाचं नाव शोध.

का ते सांगते. तुर्क मागे हटल्यावर १८व्या शतकात ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राज्यकर्त्यांनी हंगेरीच्या दक्षिणेकडच्या बनात आणि बाचका भागात जर्मन शेतकरी नेऊन वसवले, आधी कार्ल सहावा, मग मारिया थेरेसा, मग जोसेफ दुसरा. लोक जर्मनीतल्या उल्मला होडीत बसायचे आणि डॅन्यूब नदीतून खाली उतरायचे. सगळ्यांना सरसकट 'श्वाब', म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाचे, म्हणायचे, पण कितीतरी जण आणखी पश्चिमेच्या फाल्झ नाहीतर लोरेनकडचे होते. सासूबाईंच्या आईचं गाव हॅट्झफेल्ड, बनातमधलं, १७६६ ला वसलेलं. हंगेरियन लोक त्याला झोंबोया म्हणायचे, आज नकाशावर जिम्बोलिया आहे. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या १९२० च्या त्रियानोन तहाने बनातचे तुकडे झाले, हे गाव आधी युगोस्लाव्हियाकडे आणि १९२४ ला रोमानियाकडे गेलं. बाई एकच, पण अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेत तिचा जन्म हंगेरीत आणि १९३० च्या जनगणनेत रोमानियात, आणि मी वेडी समजत होते की या दोन वेगळ्या बायका आहेत!

म्हणून गावाची तिन्ही नावं एका कागदावर लिहून ठेव, जर्मन, हंगेरियन आणि आत्ताचं. आणि स्पेलिंगवर हटून बसू नकोस. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या ज्या बेटावर बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची तिथे, नावं बदलली असं सगळे सांगतात ते खरं नाही, प्रवाशांच्या याद्या निघायच्या बंदरातच जहाज कंपनीचे कारकून लिहायचे, आणि जर्मन आडनाव हंगेरियन कानाने ऐकून लिहिलं की ते काहीही दिसतं. १९०७ नंतरच्या यादीला दुसरं पान असतं, ते पुढच्या इमेजमध्ये जातं आणि बहुतेक जण बघतच नाहीत. अगं, जन्मगाव तिथेच असतं! आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाईकाचं नाव आणि पत्ता पहिल्या पानावर. मला गाव तिथेच सापडलं, त्या रात्री मला झोप नाही लागली. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून निघतानाच्या जुन्या याद्या बहुतेक नष्ट झाल्यात, हॅम्बर्गच्या १८५० ते १९३४ च्या टिकल्यात, पण बंदर कुठलंही असो, उतरतानाची यादी अमेरिकेत असतेच. आणि कितीतरी पुरुष पैसे कमवून परत जायचे, पुन्हा यायचे, तेव्हा एकच माणूस दोनदा सापडला तर दचकू नकोस.

नागरिकत्वाच्या कागदात पणजीला शोधत बसू नकोस. १९२२ पर्यंत बाईचं नागरिकत्व नवऱ्याबरोबर जायचं, म्हणून पणजोबांचा अर्ज काढ, १९०६ नंतरच्या अर्जात जन्मगाव असतं.

गाव मिळालं की मग चर्चची दप्तरं. १ ऑक्टोबर १८९५ पासून हंगेरीत सरकारी जन्म, लग्न, मृत्यू नोंदी सुरू झाल्या, त्याआधीचं सगळं चर्चमध्ये. कॅथलिक नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये, त्यामुळे योहान तिथे योआनेस होतो आणि पुढे हंगेरियनमध्ये यानोश. आडनाव आधी, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. 'यानोशने' असं काही दिसलं तर ती यानोशची बायको, तिचं स्वतःचं नाव त्यात उरतच नाही, मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. पण मुलाच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि त्या एका आडनावावर तू मागे मागे जाऊ शकतेस, आईकडून तिच्या आईकडे. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर बऱ्याच गावांची मायक्रोफिल्म फुकट बघता येते. काही गावांचं ओर्ट्सझिपेनबुख पण निघालंय, म्हणजे आपला कुलवृत्तांत कसा एका कुळाचा असतो तसा हा अख्ख्या गावाचा. मिळाला तर वर्षभराचं काम वाचेल, पण त्यातल्या नोंदीसुद्धा मूळ पानाशी ताडून बघ.

एक गोष्ट मात्र जपून. आजी म्हणते ना की तिकडची पत्रं मग यायची बंद झाली, ती कुठल्या साली बंद झाली हे हळूच विचार. युगोस्लाव्हियात १९४४ नंतर या जर्मन लोकांना छावण्यांत कोंडलं, हंगेरीतून १९४६ ते ४८ मध्ये हाकललं, आणि रोमानियातून जानेवारी १९४५ मध्ये १७ ते ४५ वर्षांचे पुरुष आणि १८ ते ३० वर्षांच्या बायका सोव्हिएत युनियनमध्ये मजुरीला नेल्या. तिच्या आईने हे कधी बोललंच नसेल. ती गप्प झाली तर तूही गप्प बस, तिच्याजवळ बस, फॉर्म भरल्यासारखे प्रश्न नको विचारूस. मी सासूबाईंना विचारायला उशीर केला, त्या गेल्या आणि फोटोतली ती टोपीवाली बाई कोण ते आता कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा येत्या रविवारीच जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू कर, तिला आधी सांगून. तारखा विचारू नकोस, विचार की तुझी आई बटाट्याला काय म्हणायची. क्रुंबीरे म्हणाली तर समज, फाल्झची बोली अडीचशे वर्षं टिकून तिच्या तोंडात आली. मग फोटो एकेक करून उलटे कर, मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि त्यात गावाचं नाव असू शकतं. आणि तिच्या आजीचं माहेरचं आडनाव, ती जसं उच्चारते तसंच लिहून घे, सुधारू नकोस, आणि रात्री कितीही वाजले असले तरी मला पाठव.

तुझी,
मावशी