तिसऱ्या दिवशीचा आरसा

"मॅडम, डोळ्यांवर लोंबणारी ही कातडी काढून घ्यावी म्हणते. पण या वयात शोभेल का? आणि नंतर मी मीच दिसेन ना?"

काकी 54 वर्षांच्या. मालवणजवळच्या एका गावात ब्लाऊज शिवतात. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता त्यांनी मोबाइलवर मुलीचा मेसेज वाचायला घेतला आणि डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर उचलून धरली. आपण असं करतो आहोत हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. दिवसभर भुवया ताणून बघायची सवय लागल्यामुळे कपाळावर तीन ठसठशीत आठ्या पडल्या होत्या. संध्याकाळी डोकं जड होतं, त्याचा दोष मात्र त्या मशीनवर वाकून बसण्याला देत होत्या.

"सगळी माका इचारतत, बरा नाय काय गो तुका?" एवढं बोलून त्या गप्प झाल्या. डोळे भरून आले.

पापणीच्या ऑपरेशनबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींच्या मनात काकींनी सुरुवातीला विचारलेले हेच दोन प्रश्न असतात, शोभेल का आणि मी मीच दिसेन ना. पहिल्याला मी उत्तर देत नाही, उलट विचारते, "ऑपरेशन झालं, सूज उतरली. मग काय बदललेलं असेल?" काकी म्हणाल्या, सुईत दोरा ओवताना बोट लावावं लागणार नाही. मग बऱ्याच वेळाने, हळू आवाजात म्हणाल्या, "चतुर्थीला मुंबईची मंडळी येतात, तेव्हा कोणी म्हातारी म्हणणार नाही." पहिलं काम सर्जन करू शकतो. दुसरं त्याच्या हातात नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यावंच लागतं. त्यावर आमच्या दोन भेटी गेल्या.

दरम्यान मी त्यांना आधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, सौंदर्याच्या दवाखान्यात नाही. कातडी सैल होणं वेगळं आणि पापणी उचलणारा स्नायू कमजोर होणं वेगळं, त्याचं ऑपरेशनही वेगळं. पापणी अचानक पडली, दिवस चढेल तशी जास्त मिटू लागली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मागे दुसरा आजार असू शकतो. काकींची दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर ठेवून वर-खाली आणि बाजूला किती दिसतं याची तपासणी दोनदा झाली, एकदा आहे तशी आणि एकदा पापण्या चिकटपट्टीने वर धरून. दुसऱ्या वेळी वरच्या बाजूचं बरंच जास्त दिसलं. "म्हणजे ही नुसती हौस नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांचे खांदे सैल झाले. नुसती हौस असती तरी लाजायचं कारण नव्हतं, हेही मी त्यांना सांगितलं. विमा कंपन्या सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनचा खर्च सहसा देत नाहीत. असा अहवाल असेल तर आधीच लेखी विचारून घ्यावं.

"टाके दिसतील का?" हा प्रश्न शिवणाऱ्या बाईलाच सुचणार. वरच्या पापणीचा छेद नैसर्गिक घडीत घेतात. चुणीत शिवण लपवावी तसंच. बहुधा फक्त पापणी बधिर करून हे काम होतं. आणि कापड जास्त कापलं गेलं तर काय होतं, हे काकींना मी काय समजावणार? जास्त कातडी काढली तर डोळा नीट मिटत नाही. म्हणून चांगला सर्जन हात राखून कापतो. डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्या आणि खालची काळी वर्तुळं याने जात नाहीत. चेहरा आपलाच राहतो.

मी सगळ्यात जास्त बोलते ते तिसऱ्या दिवसाबद्दल. सूज आणि काळेनिळेपणा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. मागे एक ताई त्या दिवशी आरसा बघून रात्रभर रडल्या होत्या, कारण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. काकींनी कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'आज घाबरायचं नाही'. पहिले दोन दिवस गार शेक, झोपताना डोकं उंच, सांगितलेले थेंब. टाके पाच ते सात दिवसांनी निघतात, डाग उतरायला साधारण दोन आठवडे लागतात. डोळे कोरडे वाटतात, मलमामुळे धूसर दिसतं. पण जोराची वेदना, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा नजर कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. हे क्वचितच होतं, पण झालं तर एकेक तास मोलाचा असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

काकींना हे चतुर्थीच्या तीन आठवडे आधी करायचं होतं. मी अडवलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, वाकून केर काढायचा, वजनं उचलायची, वर प्रत्येकाच्या तोंडी "काय झालं गो?" शेवटी तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस ठरला. लग्नसराईची गिऱ्हाइकं त्यांनी जाऊबाईंकडे पाठवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "दिसतंय भयंकर. पण चौकटीत लिहिलेलं वाचलं."

आता तीन महिने झालेत. उजव्या पापणीची रेघ जवळजवळ दिसत नाही, डावी अजून किंचित भरलेली वाटते. सहा महिने होईपर्यंत थांबा, असं सर्जननी सांगितलं आहे. ती तपासणी मे महिन्यात आहे, आणि मी सोबत यावं असं काकींचं म्हणणं आहे.