आपल्या अर्जाबद्दल आत काय लिहिलंय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं. जावई ब्रॅम्प्टनला असतात, त्यांना कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, आहे. त्यांनी मुलीला स्पॉन्सर करून अर्ज भरला, पोचपावती आली, मुलीची मेडिकलही झाली. पण त्यानंतर महिनोन्‌महिने ऑनलाइन खात्यात एकच ओळ दिसते, काम चालू आहे म्हणून. अलकापुरीतला एक एजंट म्हणतो, ‘आतल्या नोट्स’ काढून देतो, पंधरा हजार पडतील. असं खरंच काही मिळतं का? ते कायदेशीर आहे का? आणि नोट्स मागितल्या म्हणून तिकडचे अधिकारी चिडले, फाईल मागे टाकली, तर? मुलीची आई रोज विचारते आणि मला काही सांगता येत नाही.
– एक वडील, कारेलीबाग, बडोदा

उत्तर: नमस्कार. मुलीच्या आईला आज संध्याकाळीच सांगा की नोट्स मिळतात, त्या मागणं पूर्ण कायदेशीर आहे, तुमच्या मुलीला त्या फुकट मिळतात आणि मागितल्या म्हणून फाईल मागे पडत नाही. नोट्सचे अर्ज बघणारा विभाग वेगळा आणि व्हिसाचा निर्णय करणारा अधिकारी वेगळा. हजारो लोक असे अर्ज करतात. त्याची नोंद मुलीच्या विरोधात जात नाही.

आता नीट सांगते. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यात प्रत्येक अर्जाची सगळी हालचाल एका संगणकप्रणालीत नोंदली जाते. तिचं नाव ग्लोबल केस मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणून सगळे ‘जीसीएमएस नोट्स’ म्हणतात. कागद कधी आले, कोणत्या कार्यालयात फाईल आहे, मेडिकल पास झाली का, गुन्हेगारी आणि सुरक्षेची तपासणी कुठवर आली, अधिकाऱ्याने अर्ज वाचून काय टिपण लिहिलं, हे सगळं त्यात असतं. तुमच्या खात्यात जी एक ओळ दिसते तिच्यामागे ही पानंच्या पानं असतात.

आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये भरून अर्ज करायचा आणि तीस दिवसांत उत्तराची अपेक्षा धरायची, हे आता आपल्या अंगवळणी पडलंय. कॅनडात असे दोन कायदे १९८३ पासून आहेत. एक सरकारी कागदपत्रं कुणालाही मागता यावीत म्हणून केलेला, ॲक्सेस टू इन्फर्मेशन ॲक्ट. दुसरा स्वतःबद्दल सरकारने ठेवलेली माहिती बघता यावी म्हणून, प्रायव्हसी ॲक्ट. दोन्हींत मुदत तीस दिवसांची, आणि दोन्हींत ती वाढवायची सोय खात्याला आहे. पहिल्यासाठी पाच डॉलर भरावे लागतात, दुसऱ्याला काहीच नाही.

एजंटांचा धंदा कुठून सुरू झाला तेही यातच आहे. पूर्वी या दोन्ही कायद्यांखाली अर्ज करायला माणूस कॅनडाचा नागरिक किंवा पीआर हवा, नाहीतर निदान कॅनडात हजर हवा, अशी अट होती. बडोद्यात बसलेल्या मुलीला स्वतःची फाईल मागता येत नसे. मग तिकडच्या कुणाच्या तरी नावावर पाच डॉलरचा अर्ज जायचा आणि इकडे त्याचे हजारो रुपये घेतले जायचे. २०२२ च्या जुलैत प्रायव्हसी ॲक्टचा हक्क कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसांनाही मिळाला. त्या अटीमुळे चालणारी मध्यस्थी त्या दिवशी अनावश्यक झाली, पण आपल्या लोकांपर्यंत ही बातमी पोचलीच नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. मुलीच्या लग्नात हात मोकळा सोडून बसलेल्या वडिलांनी आणखी पंधरा हजार एका फुकटच्या कागदासाठी का द्यावेत?

पैशापेक्षाही मोठं एक कारण आहे. एजंट अर्ज करतो तेव्हा ई-मेल बहुतेक वेळा स्वतःचा देतो. नोट्स त्याच्याकडे येतात आणि तो सांगेल तेवढंच घरच्यांना कळतं. ही माहिती तुमच्या मुलीची आहे. ती तिच्याच ई-मेलवर यावी आणि तिने स्वतः वाचावी, एवढा माझा आग्रह आहे. शिवाय कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार फक्त तिथल्या वकिलांना, वकिलांच्या संस्थेचा परवाना असलेल्या पॅरालीगलना, क्यूबेकच्या नोटरींना आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना असलेल्या सल्लागारांना आहे. परवानाधारकांची यादी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अलकापुरीतल्या गृहस्थांचं नाव तिथे शोधा. नसेल तर पुढचं बोलणं नको. फुकट मदत करणाऱ्या नातेवाइकाला मात्र कसलाही परवाना लागत नाही, म्हणजे जावयांना हे सगळं करायची मोकळीक आहे.

मुलीने अर्ज करायचा तो कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर, वैयक्तिक माहितीच्या विनंतीचा. जवळ हवं ते एवढंच: पासपोर्टची प्रत, पोचपावतीवर असलेला अर्जाचा क्रमांक आणि यूसीआय नावाचा ओळख क्रमांक. मजकुरात ‘माझी सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहू नये, त्यात वेळ जातो. ‘अमुक क्रमांकाच्या अर्जाच्या संपूर्ण जीसीएमएस नोंदी, अधिकाऱ्यांच्या टिपणांसह’ असं नेमकं लिहावं. एक गोष्ट तुमच्या बाबतीत महत्त्वाची आहे. हा अर्ज नवरा-बायकोचा आहे आणि प्रायव्हसी ॲक्टखाली दुसऱ्या माणसाची माहिती झाकून ठेवतात. मुलीने एकटीने मागितलं तर जावयांच्या नोकरीबद्दल, आधीच्या पत्त्याबद्दल जे लिहिलं असेल ते कोरं होऊन येऊ शकतं. म्हणून जावयांनी आयएमएम ५७४४ क्रमांकाच्या सहमतीपत्रावर सही करून पाठवावी, ती अर्जाला जोडावी. उलट बाजूने जावयांना पाच डॉलर भरून तिकडूनही मागता येईल. मग सहमतीपत्रावर सही मुलीची लागेल. दोन्ही चालतं. मला मुलीने स्वतः मागितलेलं जास्त आवडेल.

पोचपावतीनंतर लगेच नोट्स मागवण्यात अर्थ नसतो. तेव्हा फाईलमध्ये ‘अर्ज मिळाला’ यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नसतं. खात्याने स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला कालावधी उलटला, किंवा मध्येच एखादं न उमगणारं पत्र आलं, की मागवावं. तुमचं बहुधा त्या टप्प्याला आलंय.

नोट्स हातात आल्यावर पहिल्यांदा छापल्याची तारीख बघा. ते त्या दिवसाचं चित्र आहे, पंधरा दिवसांनी बदललेलं असू शकतं. मग पात्रता, गुन्हेगारी, मेडिकल, सुरक्षा असे जे कप्पे असतात त्यांच्यापुढचे शब्द बघा. ‘नॉट स्टार्टेड’ वाचून आई घाबरेल, तिला सांगा की त्याचा अर्थ त्या टेबलावर अजून फाईल आली नाही एवढाच. सुरक्षेपुढे ‘इन प्रोग्रेस’ असलं म्हणजे मुलीवर कुणाचा संशय आहे असं नाही. ‘बीएफ’ म्हणून तारीख दिसली तर त्या दिवशी अधिकाऱ्याने फाईल पुन्हा काढायची आठवण लावून ठेवली आहे. ‘पीए’ म्हणजे मुख्य अर्जदार, इथे तुमची मुलगी. मेडिकलची मुदत साधारण बारा महिन्यांची असते, ती संपत आलीय का हे नोट्समध्येच कळतं. काही ओळी पुसलेल्या दिसतील. पोलीस, गुप्तचर आणि दुसऱ्या देशांकडून आलेली माहिती झाकायचा अधिकार कायद्यानेच दिलाय, प्रत्येक कोऱ्या जागेत काहीतरी वाईट दडलंय असं समजू नका.

खरं वाचायचं असतं ते अधिकाऱ्याचं टिपण. मी बडोद्याच्या कोर्टात वकिली केली आणि निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मुलं-मुली अशा नोट्सचे प्रिंट घेऊन येतात. मी अर्ज भरून देत नाही, पैसे घेत नाही, शेजारी बसून ओळीने वाचते. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका मुलीच्या नोट्समध्ये शंका होती ती तिच्या नावाची. लग्नात आपल्याकडे ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात, तसं तिचं नाव बदललं होतं, आणि विवाह नोंदणीही नव्या नावाने झाली. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. ‘इतर नावं’ हा रकाना कोरा राहिला होता. तिकडच्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं, ही तीच व्यक्ती आहे का, पुरावा मागवावा. पुरावा मागणारं पत्र गेलंही होतं, एजंटाच्या ई-मेलवर. ते तिच्यापर्यंत कधी आलंच नाही. ती पानं वाचताना ती इतकी शांत झाली की मीच उठून तिला पाणी दिलं. मग तिने खात्याला नवा ई-मेल कळवला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला. दोन्ही गुजरातीत होते. आपण बडोदेकर मराठी माणसं गुजराती सहज वाचतो, पण घरच्या माणसाने केलेलं भाषांतर तिथे चालत नाही, बाहेरच्या भाषांतरकाराकडून प्रतिज्ञापत्रासह करून घ्यावं लागतं. तुमच्या मुलीचं नाव लग्नात बदललं असेल तर हे आजच तपासा, नोट्सची वाट बघू नका.

दुसरी शंका ठरवून केलेल्या लग्नांत येते. कॅनडाच्या नियमांप्रमाणे लग्न खरं नसेल, किंवा मुख्यतः तिकडे जायला मिळावं म्हणून केलेलं असेल, यांतलं कोणतंही एक कारण नकाराला पुरतं. पत्रिका जुळल्या, दोनदा भेट झाली आणि तारीख ठरली, हे आपल्याला रोजचं आहे. पण ओटावात बसलेल्या माणसाला ते सांगावं लागतं. टिपणात ‘लग्नाआधी सहवास कमी’ असं काही दिसलं तर नुसते मंगल कार्यालयातले स्टेजवरचे फोटो पाठवून भागणार नाही. बोलणी कुणी घातली, साखरपुड्याला कोण होतं, केळवणं कुणाकडे झाली, लग्नानंतर जावई किती दिवस राहिले, फोन किती होतात, पैसे कसे पाठवतात, हे तारखांसह दोन पानांत मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहावं. त्याला तिकिटं, कॉलच्या नोंदी, बँकेचे कागद जोडावेत. ती जे लिहील तेच कदाचित मुलाखतीत विचारतील.

तीस दिवसांत काहीच आलं नाही तर कॅनडाच्या प्रायव्हसी कमिशनरकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. जावयांनी पाच डॉलरच्या वाटेने मागितलं असेल तर तक्रार इन्फर्मेशन कमिशनरकडे, साठ दिवसांच्या आत. इमिग्रेशन खात्याकडे येणाऱ्या अशा अर्जांच्या लोंढ्याबद्दल या कमिशनरांनी २०२१ मध्ये कॅनडाच्या संसदेला विशेष अहवाल दिला होता. लोकांना आपल्या फाईलचं साधं उत्तर वेळेवर मिळत नाही म्हणून ते या कायद्याकडे वळतात, असा त्याचा रोख होता. तुमच्या घरातही तेच चाललंय.

आणि जावयांनी आपल्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयात एकदा जावं. तिथल्या खासदारांची कार्यालयं मतदारसंघातल्या रहिवाशांच्या इमिग्रेशन फाईलची चौकशी नेहमी करतात.

प्रश्न: माझ्या भावाचा कॅनडाचा स्टडी परमिट नाकारला. तिकडच्या कोर्टात जायचा विचार आहे. आधी नोट्स मागवाव्यात का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर: आधी नकारपत्र शेवटपर्यंत वाचा. जुलै २०२५ च्या अखेरीपासून स्टडी परमिटसारख्या काही अर्जांच्या नकारपत्रासोबतच अधिकाऱ्याची टिपणं द्यायला खात्याने सुरुवात केली आहे, तुमच्याकडे ती आलेलीही असतील. नसतील तर फुकटचा अर्ज आजच करा, पण त्याच्यावर विसंबू नका. भाऊ भारतात असताना निर्णय झाला असेल तर तिथल्या फेडरल कोर्टात निर्णयाला आव्हान देण्याच्या परवानगीचा अर्ज करायला नकार कळल्यापासून साठ दिवस मिळतात. नोट्सचे तीस दिवस वाढले तर त्यातच ते संपतील. कोर्टात प्रकरण दाखल झाल्यावर निर्णयाची कारणं कोर्टच खात्याकडून मागवून घेतं, त्यामुळे नोट्स हातात नसल्या तरी अर्ज करता येतो. नकारपत्र भावाच्या ऑनलाइन खात्यात कोणत्या तारखेला आलं तो स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तिथल्या वकिलाशी बोलताना सगळ्यात आधी ती तारीख सांगा.