पूरग्रस्त शेतकऱ्यांना कोणती मदत करावी?

प्रश्न : पुराने शेती वाहून गेलेल्या गावासाठी आमचे मंडळ धान्य व कपडे गोळा करत आहे. याहून उपयोगी काय करता येईल?

उत्तर : धान्य सुरुवातीला लागतेच, परंतु शेतकऱ्याची खरी निकड त्यानंतर सुरू होते, कारण पेरणीचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. म्हणून गावाला विचारून कोरडा चारा (बुरशी आलेला मुळीच नको), साचलेले पाणी उपसण्यासाठी पंप आणि कमी मुदतीच्या पिकांचे बियाणे पोहोचवावे. वाटपापूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. बियाणे न उगवल्यास उरलेला हंगामही हातचा जातो. वाफसा येईपर्यंत (म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकेपर्यंत) शेतात जड यंत्रे घालू नयेत. भूमिहीन मजुरांची रोजीही बुडालेली असते, याचा बहुधा विसर पडतो; बांधबंदिस्तीचे काम त्यांच्याकडूनच, योग्य मजुरी देऊन, करवून घ्यावे.