मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असं विचारलं, हा भेदभाव आहे का?

हो, आहे. तोच प्रश्न मुलांना विचारत नसतील, तर शंकाच नको.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघायचे. भरतीच्या वेळी साहेबांसोबत बसायचे. एका मुलीला टॅली, जीएसटी सगळं चोख येत होतं. साहेबांनी तिच्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं, ‘लग्न बाकी’. नोकरी तिच्यापेक्षा कच्च्या मुलाला मिळाली. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं. ज्या शहरात विड्या वळून हजारो बायकांनी घरं चालवली, तिथं बाई कामावर टिकणार नाही असं म्हणवतं तरी कसं?

आणि हे फक्त पुरुषच करतात असं नाही. २०१२ साली अमेरिकेत विज्ञानाच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या नोकरीचा एकच अर्ज दिला होता. काहींच्या अर्जावर जॉन हे नाव, काहींच्या जेनिफर. जेनिफरला कमी लायक ठरवलं, पगारही कमी सुचवला. तसं करण्यात बाया-पुरुष सारखेच होते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीतल्या भेदभावाला मनाई होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पुरावा मात्र लागतो. म्हणून जाहिरात, मेसेज जपून ठेवा. कोण काय बोललं ते त्याच दिवशी तारखेसह लिहून काढा. आणि मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न आला, तर ‘सर, कामाबद्दल विचारा ना’ एवढं शांतपणे म्हणा.